ट्रॉफी मालकाच्या हातात, ड्रॉइंग माझं

पत्र असं आलंय, लांब होतं म्हणून थोडं आखडून देतोय:

"काका, मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये डिझाइनला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, वय 26. आमच्याकडं हायड्रॉलिक पंपाची हाउसिंगं, म्हणजे बाहेरची कवचं, मशीनिंगला येतात. एका पातळ भिंतीच्या जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हल जायचा, मशीनवर डायल गेज फिरवून मोजलं की एकदम गोल, क्लॅम्प सोडला की ओव्हल, रिजेक्शनचा नुसता ढीग. मी चार महिने डोकं घालून नवीन फिक्श्चर, म्हणजे जॉब मशीनवर धरून ठेवायची चौकट, बनवलं. आमच्यात एक जुने टर्नर मामा आहेत, लेथ चालवणारे, ते मध्ये एकदा म्हणाले की पातळ भिंतीला कशाला आवळूलास, वरनं दाब की, त्यावरनं मला क्लिक झालं आणि मी सगळं डिझाइन बदललं. आता रिजेक्शन जवळजवळ बंद. पण गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात मालकांनी स्टेजवर सांगितलं की ही कल्पना माझी, ट्रॉफी घेतली, व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला, माझं नाव कुठंच नाही. मित्रांना सांगितलं तर म्हणतात जग असंच चालतं, स्टीव्ह जॉब्जनं कुठं सोल्डरिंग केलं होतं, मस्क कुठं वेल्डिंग करत बसतो, नाव फाउंडरचंच होणार, टीमला पगार मिळतो ना मग झालं. मला पटत नाही पण उत्तर सुचत नाही. क्रेडिट नक्की कुणाचं? आणि मी नोकरी सोडू का?"

अरे बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या मालकाचा राग आला, दुसऱ्यांदा वाचताना थोडा तुझाही आला, का ते सांगतो पण जरा दमानं, आधी तुझ्या मित्रांचं बघू कारण त्यांनी जॉब्जचं नाव घेऊन तुला गप्प केलंय आणि तू झालासही.

जॉब्जनं सोल्डरिंग केलं नाही हे धरून चालू. मग 1976 मध्ये ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरचं सर्किट कुणी काढलं, तर वॉझनियाकनं, एकट्यानं. आणि तो वॉझनियाक इतका भोळा की सर्किटचा कागद क्लबातल्या दोस्तांना फुकट वाटत होता, हे विकायचं असतं हे जॉब्जला सुचलं, 50 मशीनची पहिली मोठी ऑर्डर त्यानंच आणली, ते काम वॉझनियाकच्या बापजन्मात जमलं नसतं. पुढं ॲपल-2 मध्ये पंखा नको, आवाज नको हा हट्ट जॉब्जचा, पण पंख्याशिवाय ते चालावं म्हणून कमी तापणारा पॉवर सप्लाय बनवला रॉड हॉल्ट नावाच्या माणसानं. तुझ्या मित्रांना विचार रॉड हॉल्ट कोण, एकालाही माहीत नसणार. हट्ट धरणारा एक, तो पुरा करणारा दुसरा, आणि दोघांतला एक जरी काढला तरी मशीन टेबलावर येत नाही. म्हणजे मित्रांचं अर्धं बरोबर आहे, फाउंडर लागतो, पण "टीमला पगार मिळतो ना मग झालं" हे कुठनं काढलं त्यांनी? ॲपलचे शेअर 1980 साली बाजारात यायच्या आधी सुरुवातीच्या काही पोरांना काहीच मिळणार नाही असं दिसलं तेव्हा वॉझनियाकनं स्वतःच्या वाट्यातले शेअर त्यांना दिले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि 1984 चा मॅकिंटॉश आला त्याच्या डब्याच्या आतल्या बाजूला टीमच्या सह्या आहेत, पेनानं केलेल्या नाहीत, मोल्डमध्येच कोरलेल्या, म्हणजे डब्यामागून डबा निघतोय आणि प्रत्येकात सह्या. गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, उघडणाऱ्याला दिसतात. ही कल्पना जॉब्जची. आता ज्याच्या नावानं मित्र तुला गप्प बसवतात त्याच माणसानं हे केलंय हे त्यांना चहा पिताना सांग.

पण तू मशीन शॉपमधला आहेस, तुला कॉम्प्युटरपेक्षा वाफेच्या इंजिनाची गोष्ट जास्त कळेल, आणि ती तर तुझीच गोष्ट आहे, बोअरची.

जेम्स वॉट आपण शाळेत शिकलो, किटलीचं झाकण हललं आणि त्याला इंजिन सुचलं वगैरे, ते झाकणाचं सोडून दे. इंजिन त्याच्या आधीच होतं, न्यूकमनचं, पण ते कोळसा फार खायचं. वॉटनं 1765 ला काढलं ते वेगळं कंडेन्सर, वाफ सिलिंडरात गार करायची नाही, बाजूच्या भांड्यात नेऊन गार करायची, म्हणजे सिलिंडर सारखा तापवायला नको. कल्पना एक नंबर, 1769 ला पेटंटही मिळालं. आणि मग? मग काही नाही, वर्षानुवर्षं काही नाही! कारण सिलिंडर गोल मिळेना. त्या काळात एवढा मोठा सिलिंडर ओतायचा आणि आतनं ठोकून घासून कसातरी गोल करायचा, पिस्टन आणि भिंतीच्या मध्ये फट, वाफ निघून चालली, ती फट चिंध्यांनी बुजवायचे प्रयोग. ज्यानं पैसा घातला होता तो रोबक दिवाळखोर झाला. आता इथं जॉन विल्किन्सन येतो, लोखंडाचा कारखानदार, तोफा बनवायचा. 1774 ला त्यानं तोफ बोअर करायच्या नव्या मशीनचं पेटंट घेतलं आणि लगेच पुढं सिलिंडरसाठी असं मशीन केलं की बोअरिंग बार, म्हणजे टूल बसवलेला दांडा, सिलिंडरच्या आरपार जातो आणि दोन्ही टोकांना आधार. एवढंच. बार एका बाजूनं लटकत नाही म्हणून वाकत नाही, म्हणून बोअर सरळ आणि गोल. तू लगेच हसलास ना, कारण हे तुला पहिल्या सेमिस्टरला शिकवलंय. पण तेव्हा कुणी केलं नव्हतं. वॉटचा भागीदार बोल्टननं लिहून ठेवलंय की 50 इंची सिलिंडरात चूक निघाली ती जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढीसुद्धा नाही. आज आपण शिलिंगएवढा बोअर चुकवला तर गिऱ्हाईक जॉब डोक्यात घालेल, पण त्या शिलिंगवर 1776 ला वॉटचं इंजिन पहिल्यांदा कामाला लागलं.

आता सांग बघू, वाफेचं इंजिन कुणाचं? पुस्तकात वॉट. आणि विल्किन्सन? बोअरिंगचा धडा शिकवणारे मास्तर कधी नाव घेतात, तेवढंच. अजून एक आहे, मर्डॉक, वॉटच्या कंपनीतला नोकर माणूस, तुझ्यासारखा. इंजिनाची वर-खाली गती गोल करायची होती, क्रँक लावावा तर त्यावर दुसऱ्या कुणाचं पेटंट बसलेलं, तेव्हा सूर्याभोवती ग्रह फिरावा तसं एका गिअरभोवती दुसरा गिअर फिरवायची युक्ती निघाली. ती मर्डॉकची असं बहुतेक जाणकार मानतात, आणि 1781 चं पेटंट निघालं वॉटच्या नावावर. म्हणजे तुझं दुखणं अडीचशे वर्षांचं आहे रे. आणि तरी मी बोल्टनला नावं ठेवणार नाही, तो इंजिनिअर नव्हताच, पण बुडालेल्या रोबकचा वाटा त्यानं घेतला, पार्लमेंटमधनं पेटंटची मुदत 1800 पर्यंत वाढवून आणायला तो मागं उभा राहिला, तो नसता तर वॉटचं मॉडेल कुठंतरी कोपऱ्यात पडलं असतं.

आता तुझ्यावर राग का आला ते. तुझं पत्र परत वाच. बोअर ओव्हल का जात होता? भिंत पातळ, तू बाजूनं आवळलंस, भिंत दबली, दबलेल्या भिंतीत टूलनं गोल बोअर काढला, क्लॅम्प सोडला, भिंत परत फिरली, बोअर ओव्हल. औषध काय? बाजूनं आवळायचं नाही, जाड फ्लँजवर, म्हणजे काठावर, वरनं दाबायचं. हे औषध कुणी सांगितलं? तूच लिहिलंयस, मामांनी, सहा-सात शब्दांत. तू लिहितोस "त्यावरनं मला क्लिक झालं". अरे तुझा मालकही बहुतेक घरी बायकोला असंच सांगत असेल, पोरानं काहीतरी दाखवलं त्यावरनं मला क्लिक झालं! मालकाच्या भाषणात तू नाहीस, तुझ्या पत्रात मामा एका वाक्यापुरते आहेत, तेही "मध्ये एकदा म्हणाले" करून.

चिडू नको. तू काही केलं नाहीस असं मी म्हणत नाही. मामांचं वाक्य म्हणजे फिक्श्चर नव्हे, जॉब नेमका कुठं टेकवायचा ते लोकेटिंग कुठं घ्यायचं, टूलला जागा कशी सोडायची, ऑपरेटरला जॉब अर्ध्या मिनिटात चढवता-उतरवता यायला पाहिजे, चिप्स साठता कामा नयेत, हे सगळं तू बसून काढलंस, चार महिने घालवलेस, दोन-तीनदा तरी फसला असशील. ते तुझंच. पण मामांना ते वाक्य बोलायला तीस-पस्तीस वर्षं लेथवर उभं राहायला लागलं असणार, ते काय फुकट आलं? आणि मालकाचंही थोडं धर, फसलेल्या फिक्श्चरचं लोखंड कुणाच्या पैशाचं होतं, चार महिने तुला त्या कामावर ठेवून दुसरं काम सांगितलं नाही हे कुणी केलं? बँकेचा हप्ता त्याच्या नावावर आहे. त्याची चूक ही की "मी पैसा आणि वेळ दिला" हे खरं आणि मानाचं वाक्य सोडून तो "कल्पना माझी" हे खोटं वाक्य बोलला. गंमत म्हणजे खरं बोलला असता तर जास्त मोठा दिसला असता, असं मला तरी वाटतं.

आपल्याच गावचं उदाहरण घे. किर्लोस्कर रोडवर आपण सगळे खरेदीला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरला 1869 ला जन्म, 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर, आणि शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष भिनतं, पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. हा दम त्यांचा, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण 1910 ला इथली जागा सोडायला लागली आणि औंधच्या राजानं कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, तीच पुढं किर्लोस्करवाडी, तेव्हा तिथं लक्ष्मणराव एकटे नव्हते. भाऊ रामूअण्णा होते सगळा कारभार बघणारे, शंभूराव जांभेकर होते इंजिनिअरिंग बघणारे, हिशोबाला मंगेशराव रेगे, शाळेत मन न रमलेले अनंतराव फळणीकर होते ज्यांचं डोकं यंत्रात चालायचं, आणि राखणीला तर आधी दरोडेखोर म्हणून नाव असलेली माणसं होती. ही नावं आज आपल्याला कळतात ती कशामुळं, तर त्या घरानं आणि वाडीनं ती लिहून ठेवली म्हणून. आपल्याकडं बोर्डावरचं नाव कुठल्या भाषेत पाहिजे यावर इतकी वर्षं भांडण चाललंय, पण बोर्डावर कुणाकुणाचं नाव पाहिजे यावर कुणी हूं का चूं करत नाही, असो, हा विषय काढला की माझी गाडी दुसरीकडं जाते.

मित्रांच्या वेल्डिंगचं उत्तर राहिलं. जपानात शिकोकू बेटावरच्या एका लहान गावात एक कंपनी, टोकियोपासून लांब, समज आपल्या खानापूरसारखं. तिथं शूजी नाकामुरा नावाचा माणूस, क्वार्ट्झच्या नळ्यांचं वेल्डिंगसुद्धा स्वतः करायचा. निळा एलईडी जगात कुणाला धड जमत नव्हता, यानं 1993 ला चांगला झगझगीत करून दाखवला, आज आपल्या घरातले पांढरे एलईडी बल्ब त्या निळ्यावरच उभे आहेत. कंपनीनं पेटंटबद्दल बक्षीस किती दिलं, 20,000 येन. तो पुढं कोर्टात गेला, 2004 ला टोकियोच्या कोर्टानं 2000 कोटी येन द्या म्हणून सांगितलं, आणि शेवटी 2005 ला सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली. 2014 ला नोबेल मिळालं तेही एकट्याला नाही, आकासाकी आणि आमानो हे दोघे बरोबर, कारण त्यांनी आधी वाट पाडली होती. आणि सुरुवातीला गावातल्या या अनोळखी माणसावर कोट्यवधी येन लावायला हो म्हणाला तो कंपनीचा म्हातारा फाउंडरच. कोर्टकचेरी चालू असताना कोण चांगला कोण वाईट हे सांगणं सोपं होतं का? मला तरी जमलं नसतं.

तू कोर्टात जाऊ नको, फिक्श्चरसाठी कुणी जात नाही. पण कायदा माहीत असू दे. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात अर्ज कंपनी करू शकते, पण खरा शोध लावणारा कोण हे त्यात सांगावं लागतं, आणि कलम 28 खाली पेटंटमध्ये शोधकाचं नाव घालून घेता येतं. मालकानं कधी अर्ज करायचं ठरवलं तर आधी तेवढं बघ. नावानं पैसा मिळत नाही हेही लक्षात ठेव, पैशाचं काय ते तुझ्या अपॉइंटमेंट लेटरवर आहे, ते काढून एकदा वाच, बहुतेकांनी सही केल्यापासून वाचलेलं नसतं. कंपनीच्या वेळात कंपनीच्या मशीनवर केलेलं काम सहसा कंपनीचं, त्यावर वाद घालू नको. आणि ड्रॉइंगचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचा विचार असला तर आत्ताच सोड, दुसऱ्या ठिकाणी इंटरव्ह्यूला गेलास तर कागदावर पेन्सिलनं तत्त्व समजावून सांग, ज्याला कळायचं त्याला कळतं.

नोकरी आत्ता सोडू नको. रागात राजीनामा दिला की मालक म्हणणार पोरगं डोक्यात हवा गेली म्हणून गेलं, आणि सगळे मान डोलावणार. आधी हे कर. तुझ्या ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक आहे ना, ड्रॉन बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ह्ड बाय. आपल्याकडं बरेच ठिकाणी तिथं नुसती आद्याक्षरं टाकतात नाहीतर मोकळंच सोडतात. मीही ड्रॉइंग ऑफिसात असताना वर्षानुवर्षं मोकळं सोडलं आणि एकदा माझंच ड्रॉइंग दुसऱ्याच्या नावानं गिऱ्हाइकाकडं गेलं, तेव्हा बोंबलायला माझ्याकडं काही नव्हतं, चूक त्याची आणि आळस माझा. तू पूर्ण नाव टाक. आणि रिव्हिजनच्या रकान्यात, क्लॅम्पिंग बदललं ती तारीख घाल आणि शेजारी मामांचं नाव घाल, "सूचना अमुक" म्हणून. मग तो प्रिंट घेऊन मालकाकडं जा. ट्रॉफीचा विषय काढू नको. एवढंच म्हण, साहेब, ड्रॉइंग अपडेट केलंय, अप्रूव्ह्डला तुमची सही पाहिजे. तिन्ही रकाने भरले की तिथं त्याचंही नाव आहे, त्याला राग यायचं कारण नाही, आणि सही करताना वरची दोन नावं वाचल्याशिवाय त्याला पेन टेकवता येणार नाही. बऱ्याच मालकांना तेवढ्यानं कळतं. पगाराचं बोलायचं ते रिजेक्शनचे आधीचे आणि नंतरचे आकडे घेऊन वेगळ्या दिवशी बोल, दोन्ही एकत्र केलं की नाव मागतोयस का पैसा हेच त्याला कळत नाही.

सही केली नाही, किंवा नाव खोडून टाक म्हणाला, तर मग तुझं तू समजलास. कारखान्यांच्या वसाहती काय कमी आहेत, मच्छे आहे, होनगा आहे, पलीकडं कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगाव आहे, फिक्श्चर काढणाऱ्या पोराला काम मिळत नाही असं मी तरी अजून बघितलेलं नाही. पण त्याला एक संधी दे. खंडेनवमीला आपल्याकडं लेथला झेंडूचा हार पडतो आणि लेथ चालवणाऱ्याच्या हातात चुरमुऱ्याची पुडी, हे मी इतकी वर्षं बघतोय आणि मालकसुद्धा वाईट मनानं करत नाहीत, त्यांना ते दिसतच नाही, कुणी दाखवलेलं नसतं.

एक राहिलं. तुझ्या मूळ पत्रात मालकांचं नाव चारदा आलंय, मी इथं काढून टाकलं. जॉब्ज तीनदा, मस्क दोनदा. मामांचं नाव एकदाही नाही, नुसतं "एक जुने टर्नर मामा". मी छापणार नाही, पण ड्रॉइंगवर घालायच्या आधी मला कळव, आणि स्पेलिंग मामांना विचारून घे.